विश्वकिरणांचे प्राध्यापक

मुलामुलींनो, शाळेतले शिक्षक काय करतात हे तुम्हांला चांगले ठाऊक आहे. ते शिकवतात, वह्या तपासतात आणि कधीकधी रागावतातही. विद्यापीठातले प्राध्यापकही शिकवतात. पण त्यांच्या कामाचा आणखी एक भाग असतो, आणि तो वर्गात बसून दिसत नाही. प्रत्येक प्राध्यापकाने स्वतःसाठी एक प्रश्न निवडलेला असतो. त्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही पुस्तकात छापलेले नसते. ते शोधण्यात प्राध्यापकांची दहा, वीस, कधी चाळीस वर्षे जातात. यालाच संशोधनाचा विषय म्हणतात. भौतिकशास्त्राचा एखादा विभाग घ्या. (भौतिकशास्त्र म्हणजे तुमच्या उर्दूतले तबीइयात.) त्या विभागात एका खोलीत प्रकाशाचा अभ्यास चाललेला असतो, शेजारच्या खोलीत चुंबकाचा आणि समोरच्या खोलीत ताऱ्यांचा. व्हरांडा एकच, पण प्रश्न निरनिराळे.

हा प्रश्न निवडायचा कोणी? वडिलांनी? सरकारने? की ज्याला उत्तर शोधायचे आहे त्याने? डॉ. होमी भाभा यांच्या आयुष्यात ही गोष्ट फार महत्त्वाची ठरली. भारतातल्या अणुशक्तीच्या कार्याचा पाया घालणारे म्हणून तुम्ही त्यांचे नाव ऐकले असेल. ते खरेच आहे. परंतु आज मी तुम्हांला प्राध्यापक भाभांविषयी सांगणार आहे.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुखवस्तू पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर हे वकील होते. आजोबा म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे मोठे अधिकारी होते. आत्या मेहरबाई यांचा विवाह सर दोराबजी टाटा यांच्याशी झालेला होता. म्हणजे घरात पैसा होता, पुस्तके होती, पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या होत्या. लहानग्या होमींना चित्रे काढण्याचा फार नाद. शाळा संपली तेव्हा इंग्लंडला पाठवण्याइतके त्यांचे वय नव्हते, म्हणून काही काळ ते मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकले. १९२७ साली ते केंब्रिजला गेले.

तेथे काय शिकायचे हे घरी आधीच ठरले होते. होमींनी यंत्र अभियंता व्हावे, परत यावे आणि जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यात मोठ्या जागेवर काम करावे, असे वडिलांच्या आणि दोराबजींच्या मनात होते. यात वाईट काहीच नव्हते. उलट असा भरवशाचा मार्ग किती मुलांना मिळतो? पण केंब्रिजला त्या दिवसांत भौतिकशास्त्रात रोज काहीतरी नवीन घडत होते. अणूच्या आत काय चालते हे तेथे उलगडत होते. होमींचे मन यंत्रांवरून उडाले. १९२८ साली त्यांनी वडिलांना पत्र लिहून कळवले, की अभियंत्याचे काम आपल्या स्वभावाला धरून नाही. आपल्याला भौतिकशास्त्रच करायचे आहे.

मुलांनो, असे पत्र लिहिणे सोपे नसते. आपल्या हसनाबादमध्येही मी पाहतो. मुलाला एक हवे असते, घरच्यांना दुसरे. मग एकतर मुलगा गप्प बसतो, नाहीतर घरात भांडण होते. भाभांच्या घरी यांपैकी काहीच झाले नाही. वडिलांनी एक अट घातली. आधी यंत्र अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण हो. मग आणखी दोन वर्षे केंब्रिजमध्ये राहून गणित शिकण्याचा खर्च मी देतो. होमींनी अट मान्य केली. मनात नसलेला विषय त्यांनी नेटाने पूर्ण केला आणि १९३० साली पहिला वर्ग मिळवला. वडिलांनीही शब्द पाळला. १९३२ साली गणितातही पहिला वर्ग आला. गणित शिकवायला पॉल डिरॅक यांच्यासारखे गुरू होते. पुढे भाभा झुरिक आणि रोम येथेही मोठमोठ्या शास्त्रज्ञांकडे जाऊन काम करून आले.

आता प्रश्न निवडण्याची वेळ आली. भाभांनी निवडले विश्वकिरण. उर्दूत किरणाला आपण शुआ म्हणतो. मात्र हे किरण दिव्याच्या किरणांसारखे नाहीत. अवकाशातून प्रचंड वेगाने येणारे ते अतिसूक्ष्म कण आहेत.

रात्री आपल्या गावात वीज जाते तेव्हा अंगणात खाट टाकून तुम्ही आकाश पाहत असाल. तारे दिसतात. पण त्याच वेळी आकाशातून दुसरेही काही येत असते, आणि ते दिसत नाही. तुमचा तळहात आडवा धरा. एका मिनिटात साधारण शंभर सूक्ष्म कण त्यातून आरपार निघून जातात. ना टोचते, ना ऊब लागते. छप्पर असले तरी ते थांबत नाहीत. १९१२ साली व्हिक्टर हेस नावाचे ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ मोठ्या फुग्याच्या टोपलीत बसून पाच किलोमीटरहून अधिक उंच गेले. बरोबर किरण मोजण्याची उपकरणे होती. जमिनीपासून दूर जाऊ तसे किरण कमी होतील असे पुष्कळांना वाटत होते. पण उंचावर ते वाढले! म्हणजे ते जमिनीतून येत नव्हते, वरून येत होते.

भाभांच्या काळी एक कोडे शास्त्रज्ञांना छळत होते. कधीकधी उपकरणांत एकाच क्षणी कणांचा जणू पाऊस पडे. एका जागी एकदम इतके कण येतात कोठून? १९३७ साली भाभा आणि हाइटलर या दोघांनी याचे उत्तर गणिताने दिले. वरून एक अतिशय वेगवान इलेक्ट्रॉन येतो. हवेतल्या अणूजवळून जाताना तो प्रकाशाचा एक शक्तिमान कण बाहेर टाकतो. त्या प्रकाशकणातून पुन्हा दोन कण जन्मतात, एक इलेक्ट्रॉन आणि एक पॉझिट्रॉन. पॉझिट्रॉन म्हणजे धन विद्युतभार असलेला इलेक्ट्रॉनचा जोडीदार. हे दोघे पुन्हा प्रकाशकण टाकतात. एकाचे दोन, दोनांचे चार, चारांचे आठ. तुम्हीच वहीत करून पाहा. दहा वेळा दुप्पट केले की संख्या १,०२४ होते. शक्ती वाटली जाता जाता प्रत्येक कणाच्या वाट्याला इतकी थोडी उरते, की मग पाऊस थांबतो. उत्तर ऐकायला सोपे वाटते, पण कोणत्या उंचीवर किती कण सापडतील याचा हिशेब करणे फार अवघड होते. तो त्यांनी केला, आणि तो मोजमापांशी जुळला.

त्याआधी, १९३५ साली, इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळले तर कसे उडतील याचेही गणित भाभांनी मांडले होते. त्याला आज जगभर ‘भाभा विकिरण’ म्हणतात. कणांची टक्कर घडवून आणणाऱ्या मोठ्या यंत्रांमध्ये टकरी किती झाल्या हे मोजण्यासाठी ते आजही वापरतात.

तिसरी गोष्ट मला स्वतःला सर्वांत आवडते. विश्वकिरणांमध्ये म्यूऑन नावाचा एक कण असतो. त्याचे आयुष्य एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या दुपटीपेक्षा थोडेसेच जास्त असते. इतक्या वेळात तो प्रकाशाच्या वेगाने धावला तरी अर्ध्यापाऊण किलोमीटरच्या पुढे जायला नको. पण तो जन्मतो दहाबारा किलोमीटर उंच, आणि तरी जमिनीपर्यंत पोहोचतो. हे कसे? आइन्स्टाइन यांनी सांगितले होते, की फार वेगाने जाणाऱ्या वस्तूचा काळ आपल्या मानाने सावकाश जातो. हा परिणाम या कणांच्या आयुष्यात दिसून येईल, असे भाभांनी १९३८ साली सुचवले. थोड्याच वर्षांत प्रयोगांनी ते खरे ठरले. मघाशी तुमच्या तळहातातून गेलेल्या कणांपैकी बहुतेक म्यूऑनच होते.

१९३९ साली भाभा सुटीसाठी भारतात आले असताना दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि परतीची वाट बंद झाली. वय होते अवघे तीस. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांना जागा मिळाली. तेथे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते सर सी. व्ही. रामन. १९३० साली नोबेल पारितोषिक मिळवलेले रामन प्रकाश, ध्वनी आणि स्फटिक यांच्या मागे लागलेले होते. हिऱ्याचा तुकडा हाती आला तरी ते तासन्तास त्यात रमत. भाभांचा विषय विश्वकिरण. १९४२ साली ते त्याच विषयाचे प्राध्यापक झाले. याच काळात तरुण विक्रम साराभाईही केंब्रिजहून तेथे आले. त्यांचा विषयही विश्वकिरणच, पण प्रश्न वेगळा : हे किरण वेळेनुसार कमीजास्त होतात का आणि का होतात? पुढे याच साराभाईंनी भारताला अवकाश संशोधनाच्या मार्गावर नेले. एका संस्थेच्या आवारात तिघे मोठे माणूस आणि तिघांचे तीन शोध! सुरुवातीला सांगितलेला तो व्हरांडा डोळ्यांपुढे आणा.

भाभा आतापर्यंत कागद-पेन्सिलीचे शास्त्रज्ञ होते. बंगळूरला त्यांनी प्रयोगही सुरू केले. युद्धामुळे अमेरिकेची लष्करी विमाने तेथे होती. त्या विमानांतून उपकरणे सुमारे ३०,००० फूट उंचीवर पाठवून त्यांनी विश्वकिरण मोजले. लढाईच्या विमानाचा इतका शांत उपयोग क्वचितच कोणी केला असेल.

युद्ध संपत आले, तसे परदेशातून बोलावणे येऊ शकत होते. केंब्रिजला परतणेही शक्य होते. पण भाभांचे मन बदलले होते. आपल्या देशात चांगले काम होण्यासारखी जागा नसेल तर ती उभी करणे हे आपलेच काम आहे, असे त्यांना वाटू लागले. मार्च १९४४ मध्ये त्यांनी सर दोराबजी टाटा न्यासाला एक पत्र लिहिले. मूलभूत भौतिकशास्त्राच्या संशोधनासाठी एक उत्तम संस्था हवी, म्हणजे पुढे अणुशक्तीचा वापर होऊ लागेल तेव्हा भारताला तज्ज्ञ बाहेरून आणावे लागणार नाहीत, असा त्या पत्राचा आशय होता. अणुबाँब पडला १९४५ च्या ऑगस्टमध्ये. म्हणजे अणुशक्ती हा शब्द सामान्य माणसाने ऐकण्याच्या आधीच हे पत्र लिहिले गेले होते.

न्यासाने होकार दिला, मुंबई सरकारनेही हात दिला, आणि १ जून १९४५ रोजी टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगळूरमध्ये सुरू झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ती मुंबईला आली. इमारत नव्हती, म्हणून पेडर रोडवर भाभांच्या नात्यातल्या एका बाईंचा बंगला होता, त्याच्या एका भागात काम सुरू झाले. १९४९ साली संस्था गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबमध्ये गेली. कुलाब्याच्या समुद्रकाठच्या स्वतःच्या इमारतीचे उद्घाटन पंडित नेहरूंनी १९६२ च्या जानेवारीत केले. त्या इमारतीतले मोठे भित्तिचित्र मकबूल फिदा हुसेन यांचे आहे. हे हुसेन पंढरपूरला जन्मलेले, हे तुम्हांला ठाऊक आहे का? भाभांना चित्रांची पारख होती आणि झाडांची मायाही. बांधकामाच्या आड येणारी मोठी झाडे तोडण्याऐवजी ते मुळांसकट हलवून दुसरीकडे लावायला लावीत.

माणसे निवडण्याची त्यांची पद्धत वेगळी होती. आपल्याकडे आधी जागा काढतात, जाहिरात देतात आणि मग माणूस शोधतात. भाभा आधी माणूस शोधत. त्याच्या मनात चांगला प्रश्न आहे ना, एवढे पाहत, आणि मग त्याच्याभोवती जागा, पैसा, सहकारी उभे करीत. त्यामुळे संस्थेतले विषय वाढत गेले. बिभा चौधुरी आल्या. विश्वकिरणांवर त्यांनी आधीच कोलकात्यात महत्त्वाचे काम केले होते, आणि भौतिकशास्त्रात स्त्रिया अगदी विरळ असण्याचे ते दिवस होते. दामोदर धर्मानंद कोसंबी गणितासाठी आले. एम. जी. के. मेनन ब्रिस्टलहून आले. गोविंद स्वरूप अमेरिकेतून आले ते रेडिओ दुर्बिणींचा ध्यास घेऊन. पुढे पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे उभी राहिलेली प्रचंड रेडिओ दुर्बीण त्यांचीच.

आणि ओबैद सिद्दीकी! अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिकलेले सिद्दीकी भौतिकशास्त्रज्ञ नव्हतेच, ते जीवशास्त्रज्ञ. भौतिकशास्त्राच्या संस्थेत जीवशास्त्र कशाला, असे कोणीही विचारले असते. भाभांनी १९६२ साली त्यांना बोलावून रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू करून दिला. फळांवर घोंघावणाऱ्या छोट्या माश्यांना वास आणि चव कशी कळते, हा पुढे सिद्दीकींचा प्रश्न झाला. हसू नका. त्या माशीच्या अभ्यासातून मेंदूचे काम कसे चालते याविषयी पुष्कळ कळले आहे.

याच वर्षांत भाभांवर सरकारी कामांचा भार वाढत होता. १९४८ साली अणुशक्ती आयोग स्थापन झाला आणि ते त्याचे अध्यक्ष झाले. तुर्भे येथे अणुशक्तीचे केंद्र उभे राहिले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तेथील ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. हे सर्व तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचाल, म्हणून मी येथे थांबत नाही.

पण एक गोष्ट सांगितली पाहिजे. भाभांची ही रीत सर्वांना पसंत नव्हती. कोलकाता विद्यापीठाचे प्राध्यापक मेघनाद साहा हे तेवढेच मोठे शास्त्रज्ञ. त्यांचे म्हणणे असे, की संशोधन विद्यापीठांतच झाले पाहिजे. चांगली माणसे आणि पैसा वेगळ्या संस्थांकडे गेला, तर विद्यापीठांचे विभाग कोरडे पडतील आणि विद्यार्थ्यांना खरे संशोधक पाहायलाही मिळणार नाहीत. मला साहांचे म्हणणे चुकीचे वाटत नाही. लहान गावातून विद्यापीठात गेलेल्या मुलाला प्रयोगशाळेत धूळ खात पडलेली उपकरणे दिसतात, तेव्हा ते आठवते. भाभांचे सगळेच अंदाजही बरोबर ठरले नाहीत. सूर्यामध्ये ज्या रीतीने ऊर्जा तयार होते ती रीत दोन दशकांत माणसाच्या ताब्यात येईल, असे त्यांनी १९५५ साली जिनीव्हाच्या परिषदेत अध्यक्ष म्हणून सांगितले होते. तेव्हापासून कितीतरी दशके गेली, तरी त्या रीतीने चालणारे वीजघर अजून उभे राहिलेले नाही.

इतक्या व्यापातही त्यांनी आपला पहिला प्रश्न सोडला नाही. विश्वकिरण वर, उंच हवेत मोजायचे आणि खाली, जमिनीच्या पोटातही मोजायचे, असे त्यांनी ठरवले. कर्नाटकात कोलारला सोन्याच्या खाणी होत्या, दोन किलोमीटरहूनही खोल. बी. व्ही. श्रीकंठन या तरुण सहकाऱ्याला त्यांनी या खाणींत उपकरणे घेऊन उतरायला सांगितले. जसजसे खाली जावे तसतसे कण कमी होत जात. १९६५ साली, जेथे दुसरे कण जवळजवळ पोहोचतच नाहीत अशा खोलीवर, न्यूट्रिनो या अत्यंत लाजाळू कणाच्या खुणा तेथे सापडल्या. हवेत निर्माण झालेल्या न्यूट्रिनोंचा जगातला तो पहिल्या शोधांपैकी एक होता.

त्यानंतर काही महिन्यांतच, २४ जानेवारी १९६६ रोजी, भाभा एका बैठकीसाठी व्हिएन्नाला निघाले होते. एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ विमान आल्प्स पर्वतातल्या माँ ब्लाँ शिखरावर कोसळले. विमानातले सर्व ११७ जण मरण पावले. भाभांचे वय ५६ वर्षे होते. त्यांनी लग्न केले नव्हते. पुढच्या वर्षी तुर्भे येथील केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले.

आता राहिली उंच हवेची गोष्ट, आणि ती आपल्या भागाच्या जवळची आहे. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झाले आणि संस्थान भारतात विलीन होईपर्यंत तेथे भौतिकशास्त्रदेखील उर्दूतूनच शिकवत. याच उस्मानिया विद्यापीठाच्या आवारातून १९६० नंतरच्या वर्षांत भाभांच्या संस्थेतले शास्त्रज्ञ मोठमोठे फुगे आकाशात सोडू लागले. हैदराबादच का? कारण ते पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्तापासून फार दूर नाही. तेथे पृथ्वीचे चुंबकत्व मंद किरणांना वरच्या वर अडवते, आणि फक्त जोरदार किरण मोजता येतात. १९६९ साली हैदराबादेत फुगे सोडण्याचे कायमचे केंद्र झाले. ते आजही चालू आहे. फुगा अतिशय पातळ पॉलिथिनचा असतो, त्यात हायड्रोजन वायू भरतात, आणि तो तीस-चाळीस किलोमीटर उंच जातो. खाली उपकरणांची पेटी लटकलेली असते. काम झाले की पेटी फुग्यापासून सुटते आणि रंगीत छत्रीने सावकाश खाली येते. वारा जिकडे नेईल तिकडे ती उतरते : कधी तेलंगणात, कधी कर्नाटकात, कधी आपल्या महाराष्ट्रातल्या एखाद्या शेतात. ती सापडणाऱ्यासाठी पेटीवर सूचना आणि पत्ता लिहिलेला असतो. शेतात कधी अशी पेटी दिसली, तर ती उघडू नका, तिच्या तारा ओढू नका, जागेवरून हलवू नका. जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा. पेटीची माणसे तिला शोधत येतच असतात.